बाळाचं वजन भरत नाही, दूध पुरत नाही म्हणतात? पावडरचा डबा आणण्याआधी हे तपासा

जन्माच्या वेळी बाळ २८०० ग्रॅमचं होतं. सातव्या दिवशी आशाताईंनी काट्यावर घेतलं तेव्हा २५६० भरलं. चौदाव्या दिवशी पुन्हा काटा अडकवला, तर २६००. घरात लगेच चर्चा सुरू होते. ‘हिला दूधच नाही.’ ‘दूध पातळ आहे, बाळाला लागत नाही.’ ‘सारखं रडतंय, पोट भरत नसणार.’ संध्याकाळपर्यंत कुणीतरी तालुक्याच्या मेडिकलमधून पावडरचा डबा आणि बाटली घेऊन येतं. बाटलीतून दूध आयतं मिळायला लागलं की बाळ आईच्या अंगावर कमी ओढतं, कमी ओढलं की दूध कमी तयार होतं, आणि महिन्याभरात ‘दूध नाही’ हे बोलणं खरं ठरतं.

गावोगावच्या घरांत हे असंच घडतं. पण याची दुसरी बाजूही आहे. ‘येईल दूध हळूहळू, आमच्यावेळी पण असंच होतं’ म्हणून घरचे थांबतात आणि बाळ मलूल होईपर्यंत दवाखाना गाठला जात नाही. घाईने डबा आणणं आणि नुसतं वाट बघत बसणं, दोन्ही बाळाला महागात पडतं. मधला रस्ता म्हणजे वजन नीट मोजणं, बाळ कसं पितंय ते बघणं आणि वेळेत मदत घेणं.

वजन किती घटतं, किती वाढायला हवं?

जन्मानंतर पहिल्या तीन-चार दिवसांत प्रत्येक बाळाचं वजन थोडं घटतं. अंगातलं जास्तीचं पाणी जातं, काळी शी पडते. ही घट जन्मवजनाच्या ७ टक्क्यांपर्यंत असेल तर चिंता नको. १० टक्क्यांच्या वर गेली तर डॉक्टरांना दाखवायलाच हवं. २८०० ग्रॅमच्या बाळाचे १० टक्के म्हणजे २८० ग्रॅम. काटा २५२० च्या खाली गेला तर थांबायचं नाही.

साधारण पाचव्या दिवसापासून वजन वाढायला लागतं आणि दहा ते चौदा दिवसांत बाळ जन्मवजनावर परत येतं. पुढे पहिले तीन महिने रोज सरासरी २५ ते ३० ग्रॅम, म्हणजे आठवड्याला दीडशे ते दोनशे ग्रॅम वाढ चांगली समजतात. पहिल्या दोन आठवड्यांनंतर महिन्याला ५०० ग्रॅमही वाढ होत नसेल तर दूध कमी पडतंय असं धरून तपासणी करावी. पाच-सहा महिन्यांत वजन दुप्पट आणि वर्षात तिप्पट, हा ढोबळ हिशेब.

वरच्या उदाहरणातलं बाळ सात दिवसांत फक्त ४० ग्रॅम वाढलं, म्हणजे रोजचे सहा ग्रॅमसुद्धा नाहीत. चौदाव्या दिवशी ते अजून जन्मवजनाला पोचलेलं नाही. अशा बाळाला त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी आरोग्य केंद्रात दाखवणं गरजेचं आहे.

वजन घेताना काटा एकच असावा, बाळाच्या अंगावर कपडे नसावेत किंवा दर वेळी तेवढेच असावेत. एका दिवशी झोळीच्या काट्यावर स्वेटर-टोपडं घालून आणि दुसऱ्या दिवशी दवाखान्यातल्या डिजिटल काट्यावर उघडं बाळ ठेवलं, तर फरक शंभर-दोनशे ग्रॅमचाही दिसू शकतो. रोज वजन करून जीव टांगणीला लावू नये. अडचण असेल तर दोन-तीन दिवसांनी, नाहीतर आठवड्याने पुरे. प्रत्येक वजन तारखेसह माता-बाल संरक्षण कार्डावर लिहून घ्यावं.

दूध पोटात जातंय का? लंगोट बघा

बाळ रडतं म्हणजे भुकेलंच आहे असं नसतं. गरम होतंय, लंगोट ओला आहे, ढेकर अडकलाय, नुसतं कुशीत यायचंय, अशी कितीतरी कारणं असतात. छाती सैल लागते म्हणजे दूध आटलं, हाही गैरसमज. पहिल्या काही आठवड्यांनंतर बाळाला लागेल तेवढंच दूध तयार व्हायला लागतं आणि छातीचा ताण आपोआप उतरतो.

खरी खूण लंगोटात सापडते.

– पहिल्या दिवशी एकदा, दुसऱ्या दिवशी दोनदा, तिसऱ्या दिवशी तीनदा शू झाली तरी ठीक.
– पाचव्या दिवसानंतर २४ तासांत निदान सहा वेळा फिकट रंगाची शू व्हायला हवी.
– शी आधी काळी, मग हिरवट आणि चौथ्या-पाचव्या दिवसापर्यंत पिवळी पातळ होते. पाचव्या दिवसानंतरही शी काळीच असेल तर दूध कमी जातंय.
– पिताना सुरुवातीला भराभर ओढणं, मग संथ आणि खोल घोट, गिळल्याचा हलका आवाज.
– पिऊन झाल्यावर मुठी सैल पडणं, अंग ढिलं होणं.

शू गडद पिवळी, कमी वेळा, आणि बाळ सतत झोपाळू असेल तर ‘शांत बाळ आहे’ म्हणून कौतुक करू नये. उपाशी बाळसुद्धा शक्ती वाचवायला झोपून राहतं.

बहुतेक अडचण बाळ छातीला नीट न लागण्याची

दूध कमी पडण्याच्या तक्रारीमागे बऱ्याचदा दूध असतं, पण बाळाला ते ओढता येत नसतं. बाळ नुसतं बोंड तोंडात धरून चोखत राहतं. त्यामुळे आईला दुखतं, भेगा पडतात आणि बाळाच्या पोटात फारसं काही जात नाही.

आधी आईने पाठीला आधार घेऊन आरामात बसावं. भिंतीला टेकून, मांडीवर उशी किंवा गोधडीची घडी घेतली तरी चालतं. आईने बाळावर वाकायचं नाही, बाळाला छातीजवळ आणायचं. बाळाचं डोकं, मान आणि पाठ एका रेषेत, पोट आईच्या पोटाला चिकटलेलं. मान वळवून दूध पिणं मोठ्या माणसालाही जमणार नाही.

मग बोंडाने बाळाच्या ओठाला हलकेच स्पर्श करावा. बाळाने जांभईसारखा मोठा ‘आ’ केला की पटकन छातीशी घ्यावं. बोंडाभोवतीचा काळसर भागही तोंडात गेला पाहिजे. नीट लागलं असेल तर हनुवटी छातीला टेकते, खालचा ओठ बाहेर वळलेला असतो, गाल आत जात नाहीत आणि काळसर भाग बाळाच्या वरच्या ओठाकडे जास्त दिसतो. पहिल्या काही क्षणांनंतरही कळ येत असेल तर लागलेलं चुकलंय. तोंडाच्या कोपऱ्यातून करंगळी घालून बाळाला सोडवावं आणि पुन्हा लावावं. चार वेळा करावं लागलं तरी हरकत नाही.

सिझर झालेल्या आईला टाक्यांवर वजन नको असतं. तिने कुशीवर झोपून पाजावं किंवा बाळाचे पाय आपल्या काखेखालून मागे घेऊन, उशीवर ठेवून पाजावं. सिझरनंतर भरपूर दूध उतरायला एक-दोन दिवस उशीर होऊ शकतो. तोपर्यंत चीक असतोच. पहिल्या दिवशी बाळाचं पोट एका वेळी चमचा-दीड चमच्यात भरतं. तो पिवळसर घट्ट चीक पिळून टाकण्याची पद्धत काही घरांत अजून आहे. रोगांपासून बाळाला वाचवणारं ते पहिलं संरक्षण असतं, त्यातला एक थेंबही टाकू नये.

किती वेळा पाजायचं?

२४ तासांत ८ ते १२ वेळा, दिवसा आणि रात्रीही. घड्याळापेक्षा बाळाकडे बघावं. तोंड उघडणं, मान इकडेतिकडे फिरवणं, मूठ चोखणं या भुकेच्या पहिल्या खुणा. रडणं ही शेवटची. रडून लाल झालेलं बाळ नीट लागत नाही, त्याला आधी शांत करावं लागतं.

वजन कमी भरणारं बाळ झोपलं असलं तरी तीन तासांपेक्षा जास्त ठेवू नये. दुपटं सोडावं, लंगोट बदलावा, तळपाय चोळावेत, आईच्या उघड्या छातीवर घ्यावं. एक बाजू पूर्ण रिकामी झाल्यावरच दुसरी द्यावी. सुरुवातीचं दूध पातळ, तहान भागवणारं आणि शेवटचं दाट, स्निग्ध असतं. दोन्ही बाजू पाच-पाच मिनिटं दिल्या तर वजन वाढवणारं दाट दूध कमी मिळतं.

रात्रीचं पाजणं टाळू नये. दूध तयार करणारा अंतःस्राव रात्री जास्त असतो. ‘सुनेला झोपू द्या, रात्री बाटली देऊ’ हे प्रेमापोटी केलं तरी त्याने दूध घटतं. तिला दिवसा झोपू द्यावं, घरचं काम इतरांनी वाटून घ्यावं.

भेगा, गाठी, चपटं बोंड

*भेगा :* लागणं सुधारलं की बहुतेक भेगा भरतात. पाजून झाल्यावर शेवटचे दोन थेंब बोंडावर लावून हवेवर सुकू द्यावेत. दर वेळी साबणाने धुऊ नये, कातडी आणखी कोरडी पडते.

*छाती दाटणं :* तिसऱ्या-चौथ्या दिवशी छाती दगडासारखी होते, बोंड ताणलं जातं, बाळाला धरता येत नाही. पाजण्याआधी कोमट पाण्याचा फडका ठेवावा, हाताने थोडं दूध काढून काळसर भाग मऊ करावा, मग बाळाला लावावं. पाजल्यावर गार फडका ठेवला की आराम पडतो. पाजणं बंद केलं तर त्रास वाढतो.

*लाली, गाठ आणि ताप :* छातीचा एक भाग लाल, गरम, दुखरा आणि थंडी-ताप, असं झालं तर डॉक्टरांकडे जावं. पाजताना चालणारी औषधं मिळतात. ‘दूध नासलं’ म्हणून पाजणं थांबवायचं नाही, दूध साचलं तर पू होण्याची भीती असते.

*चपटं किंवा आत गेलेलं बोंड :* बाळ बोंड नाही, छाती धरतं, त्यामुळे बऱ्याच जणींचं यातही निभावतं. दवाखान्यात नर्सताई सिरिंजची युक्ती दाखवतात. नव्या १० किंवा २० मिलीच्या सिरिंजचं सुईकडचं टोक कापतात, दट्ट्या कापलेल्या बाजूने घालतात आणि गुळगुळीत बाजू बोंडावर ठेवून हलकेच ओढून धरतात. पाजण्याआधी अर्धा-एक मिनिट, असं काही वेळा. पहिल्यांदा नर्सताईंसमोरच करून घ्यावं.

दूध हाताने काढणं आणि वाटी-चमचा

बाळ अशक्त असेल, नीट ओढत नसेल तर पाजून झाल्यावर उरलेलं दूध हाताने काढून पाजता येतं. यामुळे बाळाचं पोट भरतं आणि छाती रिकामी झाल्याने दूधही वाढतं.

हात साबणाने धुवावेत. अंगठा वर, बोटं खाली, काळसर भागाच्या कडेला. आधी छातीकडे मागे दाबायचं, मग अंगठा-बोटं जवळ आणायची, सोडायचं. बोंड ओढायचं नाही. जागा बदलत दोन्ही बाजू आलटून पालटून, एकूण वीस-तीस मिनिटं. पहिले काही दिवस थेंबच येतात, त्याने नाउमेद होऊ नये.

काढलेलं दूध उकळून घेतलेल्या झाकणाच्या भांड्यात ठेवावं. साध्या हवेत चार तासांत वापरावं, भर उन्हाळ्यात त्याहून लवकर. फ्रीजमध्ये एक दिवस. ते तापवायचं नाही, भांडं कोमट पाण्यात ठेवून गार मोडावी. पाजायला स्वच्छ वाटी-चमचा किंवा घरातलं उकळलेलं बोंडलं वापरावं. बाटली नको. तिचं बूच आणि खाच नीट धुतली जात नाही, जुलाब लागतात, शिवाय बाळाला बाटलीची सवय लागते.

दूध खरंच कमी असेल तर

काही जणींना खरोखर दूध कमी येतं. बाळंतपणात खूप रक्त जाणं, वारेचा तुकडा आत राहणं, थायरॉइड, तीव्र रक्तक्षय, छातीची पूर्वीची शस्त्रक्रिया ही त्याची काही कारणं. यात आईचा दोष नाही आणि टोमण्यांनी दूध येत नाही. पाळणा लांबवण्यासाठी ‘माला-एन’सारख्या गोळ्या पहिल्या सहा महिन्यांत घेऊ नयेत, त्यांनी दूध घटू शकतं. पाजणाऱ्या आईला चालणारी इतर साधनं आरोग्य केंद्रात विचारून घ्यावीत.

बाळाच्या बाजूनेही कारणं असतात. दिवस भरण्याआधीचा जन्म, जिभेखालचा पडदा आखूड असणं, जंतुसंसर्ग, कावीळ, हृदयाचा दोष. पिताना बाळाला धाप लागत असेल, कपाळाला घाम येत असेल, दोन घोटांत थकत असेल तर हृदयाची तपासणी हवीच.

अडीच किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाला दर दोन तासांनी पाजावं आणि कांगारू पद्धतीने आईच्या उघड्या छातीशी, वरून कपडा घेऊन, जास्तीत जास्त वेळ ठेवावं. ऊब टिकली की वजन वाढतं. आईला थकवा आला तर हे काम वडील किंवा आजीही करू शकतात. १८०० ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या बाळाची काळजी रुग्णालयातच घ्यावी.

डॉक्टरांनी वरचं दूध सुचवलं तर ते औषधासारखं, सांगितलं तेवढंच आणि आधी अंगावर पाजून मग द्यावं. डबा पुरवण्यासाठी पावडर पातळ करणं फार घातक. बाळाचं पोट पाण्याने भरतं आणि वजन आणखी घटतं.

घुटी, मध, पाणी

सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही नको. आईच्या दुधात ८७ टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं, त्यामुळे चैत्र-वैशाखातही वरचं पाणी लागत नाही. मधातून एका गंभीर आजाराचे जंतू जाऊ शकतात, म्हणून वर्षाच्या आत मध चाटवू नये. घुटी, साखरपाणी, ग्राइप वॉटर यांनी इवलं पोट भरतं आणि तेवढं दूध कमी जातं. गाई-म्हशीचं दूध या वयात पचायला आणि मूत्रपिंडांना जड पडतं.

देशात २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार सहा महिन्यांखालच्या बाळांपैकी सुमारे ६४ टक्केच फक्त आईच्या दुधावर होती, आणि जन्मानंतर तासाभरात छातीला लागलेली सुमारे ४२ टक्के. बाळाच्या दुधाची पावडर आणि बाटल्यांची जाहिरात करायला १९९२ च्या कायद्याने बंदी आहे. दुकानदाराच्या सल्ल्याने डबा घेऊ नये.

आईचं काय?

बाळंतिणीला उपाशी ठेवून दूध येत नाही. नेहमीपेक्षा सुमारे ६०० कॅलरी जास्त लागतात, म्हणजे रोजच्या जेवणाशिवाय आणखी एक-दोन वेळचं भरपेट खाणं. बाजरीची भाकरी, डाळ, शेपू-मेथी, अळिवाची खीर, डिंकाचे लाडू हे सगळं चांगलंच. पण पथ्याच्या नावाखाली भाजी, फळं, डाळ, पाणी तोडू नये. अंगणवाडीतला पोषण आहार आणि लोह-कॅल्शियमच्या गोळ्या सहा महिने चालू ठेवाव्यात. अळीव-शतावरीपेक्षा दूध वाढवणारी मोठी गोष्ट म्हणजे बाळाने वारंवार ओढणं.

मिश्री आणि तंबाखू सोडावी, निकोटीन दुधातून बाळाच्या अंगात जातं. आणि आईच्या मनाकडेही बघावं. दोन आठवड्यांनंतरही सतत रडू येणं, झोप न लागणं, बाळाकडे बघावंसं न वाटणं हे आजारपण आहे, नाटक नव्हे. डॉक्टरांशी बोलावं.

या खुणा दिसल्या तर लगेच दवाखाना

– बाळ दूध ओढतच नाही किंवा उठवूनही उठत नाही
– आठ तासांत शू नाही, तोंड कोरडं, टाळू खोल गेलेली
– अंग गरम किंवा हातापायांसह पोटही गार
– मिनिटाला ६० किंवा जास्त श्वास, छाती आत ओढली जाणं
– तळहात-तळपाय पिवळे
– झटके, हिरवी उलटी, बेंबीतून पू
– वजनात १० टक्क्यांपेक्षा जास्त घट

उन्हात धरून किंवा दृष्ट काढून यातलं काही उतरत नाही. १०८ ला फोन करावा. वाटेतही बाळाला छातीशी उबदार धरावं आणि पीत असेल तर पाजत राहावं.

मदत कुठे मिळते?

दवाखान्यात बाळंतपण झालेल्या बाळाकडे आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी येतात. घरी बाळंतपण झालं असेल तर पहिल्या दिवशीही. या घरभेटींचं मूळ महाराष्ट्रातच आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत गावातल्याच बायकांना शिकवून घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतली आणि नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून खाली आणले. १९९९ मध्ये हे काम ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं आणि २०११ पासून देशभर अशा भेटी सुरू झाल्या. भेटीत वजन तर होतंच, पण ‘ताई, बाळ पिताना एकदा बघता का?’ असं आईने आपणहून म्हणावं.

बाळंतपणाला माहेरी आलेल्या लेकीचं नाव तिथल्या आशाताईंकडे लगेच नोंदवावं, नाहीतर दोन्ही गावांच्या मधे भेटी राहून जातात. ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर जाणाऱ्या कुटुंबांनी माता-बाल संरक्षण कार्ड सोबत ठेवावं आणि पोचल्यावर जवळच्या उपकेंद्रात ते दाखवावं.

आजारी नवजात बाळावर सरकारी रुग्णालयात उपचार, औषधं, तपासण्या आणि ने-आण मोफत आहे. रुग्णवाहिकेसाठी १०२ क्रमांक. जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांचा विशेष कक्ष असतो.

सुरुवातीच्या २६०० ग्रॅमच्या बाळाकडे परत यायचं, तर त्याचा हिशेब सोपा आहे. चौदाव्या दिवशी आरोग्य केंद्रात तपासणी, संसर्ग किंवा दुसरा आजार नाही ना याची खात्री. नर्सताईंसमोर पाजून लागणं दुरुस्त. मग तीन दिवस दर दोन-अडीच तासांनी पाजणं आणि काढलेलं दूध वाटी-चमच्याने. सतराव्या दिवशी त्याच काट्यावर २६८०-२६९० भरलं तर गाडी रुळावर आली, कारण रोजचे २५ ते ३० ग्रॅम झाले. नाही भरलं तर त्याच दिवशी पुन्हा डॉक्टर. डबा लागेल की नाही हे त्या काट्यावरून आणि डॉक्टरांच्या तपासणीवरून ठरावं, शेजारच्या बोलण्यावरून नाही.